निकाह आणि ग्रहयोग

वाचकहो, मंगळ सप्तमस्थानी आहे म्हणून एखाद्या लेकीचे स्थळ नाकारणे योग्य आहे काय?

चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ होता. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. फैजीने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी अनुवादात आख्यायिका येते : घटिकापात्रात मोती अडकला आणि कन्येचा विवाहमुहूर्त टळला. थोर गणितीलाही तो साधता आला नाही.

ग्रहांची गती मोजणे ही विद्या आहे. त्यांवरून नशीब सांगणे हा निव्वळ तर्क. पुत्र इब्राहीम यांच्या निधनदिनी सूर्यग्रहण लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की ग्रहण कोणाच्या जन्ममृत्यूमुळे लागत नाही.

म्हणून दीन व चारित्र्य पाहा, मुलीची संमती घ्या, इस्तिखारा करा. निर्दोष लेकीवर ग्रहांचा दोष लादू नका.