शेतातील चित्रफीत : घ्यावी कशी, पारखावी कशी

१९१२ साली लंडनहून परतलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्याजवळ कॅमेरा होता, पण चित्रपट काढण्याइतके भांडवल नव्हते. पैसे घालणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे लावले आणि समोर कॅमेरा पक्का बसवून महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. दाणा फुटला, कोंब वर आला, त्याचा वेल झाला आणि हे सारे पडद्यावर थोडक्या वेळात उलगडले. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट. तो पाहून कर्ज देणारे पुढे आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. आपल्या चित्रपटसृष्टीचे पहिले पीक वाटाण्याचे होते, असे शेतकऱ्याने म्हणायला हरकत नाही.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. रोगाची चित्रफीत काढून सल्ला विचारला जातो आणि दुसऱ्याने पाठवलेली चित्रफीत पाहून औषधे, बियाणे व अवजारे विकत घेतली जातात. पहिल्या कामात चूक झाली तर रोगाचे निदान चुकते, दुसऱ्यात झाली तर पैसा जातो आणि हंगामही. चित्रपटाची भाषा म्हणजे कॅमेरा, प्रकाश, आवाज आणि संकलन यांचे थोडे नियम. ते समजून घेतले तर दोन्ही चुका बऱ्याच टळतात.

कॅमेऱ्याचे अंतर

चित्रपटात दृश्याचे साधारण तीन प्रकार मानतात. दूरदृश्यात जागा कळते, मध्यदृश्यात कोण काय करतो ते कळते आणि समीपदृश्यात, म्हणजे क्लोजअपमध्ये, बारकावा कळतो. रोग दाखवताना हे तिन्ही याच क्रमाने घ्यावेत. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ चित्रफितींत नुसते पान असते. ते पान झाडाच्या शेंड्याचे की बुडाचे, एकच झाड बिघडले की सबंध ओळ, पाणी साचणाऱ्या सखल भागात की उंचवट्यावर, यांपैकी काहीच समजत नाही. पुष्कळदा निदान त्यावरच अवलंबून असते.

डाळिंबावरील तेलकट डागाचे उदाहरण घेऊ. प्रथम बांधावर उभे राहून बाग दाखवावी. मग एक झाड, मग फांदी आणि शेवटी पान व फळ. फळावरील डागाला इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी भेग गेली आहे का, हे समीपदृश्यात स्पष्ट यायला हवे. आकार कळावा म्हणून शेजारी रुपयाचे नाणे किंवा आगपेटी धरावी. फोन पानाला अगदी टेकवू नये, चित्र पुसट येते. पाच-सहा इंचांवर धरावा, पडद्यावर त्या डागावर बोट टेकवावे म्हणजे फोन तेथे नजर स्थिर करतो. वाऱ्याने फांदी हलत असेल तर ती दुसऱ्या माणसाने धरावी. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर ठेवावे. पाण्याची पिचकारी मारल्यासारखा फोन फिरवला तर पाहणाऱ्याला चक्कर येते, डाग दिसत नाही.

कॅमेऱ्याचा कोनही बोलत असतो. जमिनीलगत बसून वर पाहत घेतलेल्या चित्रात गुडघ्याएवढी ज्वारी पुरुषभर उंच दिसते. नायकाला मोठा दाखवण्यासाठी चित्रपटात हीच युक्ती वापरतात. म्हणून पिकाची उंची दाखवताना फोन पिकाच्या मध्यावर आडवा धरावा व शेजारी मोजपट्टी उभी करावी.

प्रकाश

दुपारी बारा ते तीन ही वेळ टाळावी. डोक्यावरच्या उन्हात पानाचा वरचा भाग पांढरा फटक आणि सावलीचा भाग काळा येतो. सकाळी सात ते नऊ किंवा दिवस कलल्यावर प्रकाश मऊ आणि तिरपा असतो. तिरप्या प्रकाशात पृष्ठभागाचा खरखरीतपणा उठून दिसतो, त्यामुळे द्राक्षाच्या पानावरील भुरीची पांढरी पूड बाजूच्या उजेडात चांगली टिपता येते. केवडा असेल तर पान उलटून खालची बाजूही दाखवावी, कारण पांढरी बुरशी तेथे असते. डाळिंबाच्या पानावरील कोवळा पाणीदार डाग मात्र पान सूर्याकडे धरून, प्रकाश मागून येईल असे पाहिल्यास लवकर ओळखू येतो. तीन रोग, तीन प्रकारचे प्रकाश.

माणूस बोलत असेल तर सूर्य त्याच्या पाठीमागे नसावा, चेहरा काळा पडतो. तेवढ्यापुरते समोर पांढरे धोतर किंवा चादर ताणून धरली तर परतलेल्या उजेडाने चेहरा उजळतो. स्टुडिओतील रिफ्लेक्टरचे काम हेच. निळ्या किंवा पिवळ्या ताडपत्रीखाली चित्रण करू नये. सर्व रंग बदलतात आणि पिवळी पडलेली पाने व निरोगी पाने यांतला फरक पुसला जातो.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. जमीन सावकाराच्या घशात गेल्यावर शहरात मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. त्यात शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पुढे याच कथेचा बोलपट निघाला. त्यात अंधूक उजेडात दाखवलेली उदास झोपडी आणि तेथे ऐकू येणारे कुत्र्याचे विव्हळणे यांची आठवण चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात राहिली.  नेमका प्रकाश आणि नेमका आवाज एकत्र आले की दृश्य असे मनात राहते.

आवाज

आपल्या चित्रफितीत असे होत नाही, उलट माणूस बोलतो आणि वारा ऐकू येतो. बोलणारा फोनपासून हात-दीड हातावर असावा. पाठ वाऱ्याकडे करावी. जवळची मोटर व इंजिन बंद ठेवावे. औषधाचे नाव आणि प्रमाण दोनदा सावकाश सांगावे व कागदावर लिहूनही दाखवावे, कारण 'पंधरा' आणि 'पंचवीस' ऐकताना घोटाळा झाला की नुकसान पिकाचे होते. यंत्राचा बिघाड विचारायचा असेल तर मात्र उलट करावे. स्वतः गप्प राहून पंपाचा आवाज अर्धा मिनिट येऊ द्यावा. बेअरिंग घासत असल्याचे जाणकार मेकॅनिक कानानेच ओळखतो.

संकलन

वेगवेगळी दृश्ये कापून जोडणे म्हणजे संकलन. चित्रपटाची खरी ताकद येथे आहे आणि धोकाही. एक टक्का बोर्डो मिश्रण कसे करावे याची चित्रफीत काढायची आहे असे समजू. एक किलो मोरचूद प्लॅस्टिकच्या भांड्यात पन्नास लिटर पाण्यात विरघळवायचे, एक किलो कळीचा चुना वेगळा विरवून, गाळून त्याचे पन्नास लिटर द्रावण करायचे, दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत लाकडी काठीने ढवळायचे. मोरचूद विरघळण्याची आणि चुना निवण्याची वाट पाहण्यातला वेळ खुशाल कापावा. पण कापल्याचे बोलून सांगावे, नाहीतर चुना घटकेत निवतो असे पाहणाऱ्याला वाटते. यानंतर येते विळ्याची कसोटी. घासून स्वच्छ केलेला लोखंडी विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून काढायचा. पात्यावर तांबूस थर दिसला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, आणखी चुन्याची निवळी घालावी. चित्रफीत लांबते म्हणून नेमका हाच तुकडा काढून टाकलेला आम्ही पाहिला आहे. अशा चित्रफितीवरून फवारणारा पाने करपल्यावर बोर्डोला दोष देतो. विळ्याच्या पात्याचे समीपदृश्य पंधरा सेकंद ठेवावे, वाटल्यास बाकीचे निम्मे कापावे.

आणखी एक चूक नेहमी होते. पाभर डावीकडून उजवीकडे जाताना दाखवली आणि पुढचे दृश्य शेताच्या पलीकडच्या बांधावरून घेतले, तर पडद्यावर बैल उलट दिशेने चाललेले दिसतात. पेरणी एकाच बांधावरून टिपावी.

आता पारखण्याविषयी. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियातील लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. नटाच्या भावशून्य चेहऱ्याचा एकच तुकडा त्याने एकदा सूपाच्या ताटलीला, एकदा शवपेटीला आणि एकदा एका स्त्रीच्या चित्राला जोडला. चेहरा तोच, पण पाहणाऱ्यांना त्यात भूक, दुःख आणि ओढ असे वेगवेगळे भाव दिसले, असे सांगतात. दोन चित्रे शेजारी आली की मन आपणहून त्यांच्यात नाते जोडते.

औषधाची बाटली विकणाऱ्या चित्रफितीत हेच घडते. मरगळलेले पीक, मग बाटली, मग डोलणारे पीक. बाटलीमुळे पीक सुधारले असे कोणी म्हटलेलेही नसते, ते आपण मनात म्हणतो. म्हणून पाहताना चित्रफीत थांबवून मागची पार्श्वभूमी बघावी. विजेचा खांब, टेकडी, बांधावरचे झाड दोन्हीकडे तेच आहे का? पहिले दृश्य भर दुपारचे आणि दुसरे सकाळचे नाही ना? दुसरे खाली बसून तर घेतलेले नाही? मधल्या काळात पाऊस झाला, खत दिले, याचा उल्लेख आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याच शेतातील न फवारलेली ओळ दाखवली आहे का? विद्यापीठाच्या प्रत्येक प्रयोगात असा नियंत्रण भाग ठेवतात, तो त्यासाठीच. न फवारलेल्या ओळीपासून फवारलेल्या ओळीपर्यंत मध्ये न कापता चालत नेलेला कॅमेरा दिसला तर त्या चित्रफितीला काही किंमत द्यावी. उत्तेजक संगीत लावले असेल तर आवाज बंद करून पुन्हा एकदा पाहावी.

स्वतःच्या शेतात नवे औषध किंवा वाण आजमावताना फाळक्यांचीच रीत वापरता येते. बांधावर एक खुंटी ठोकावी. दर आठ दिवसांनी सकाळी त्याच वेळी, खुंटीवर फोन टेकवून, त्याच दिशेने वीस सेकंदांचे चित्रण करावे आणि सुरुवातीला तारीख बोलून घ्यावी. चार ओळी न फवारता सोडाव्यात व त्या चौकटीत येतील असे पाहावे. खुंटीला चुन्याचा पट्टा ओढून ठेवावा, नाहीतर बांध साफ करताना गडीमाणसे ती उपटून टाकतात.