शेजारचा आकडा कसा वाचावा?

माझ्या दवाखान्यात नेहमी येणारे एक गृहस्थ परवा रक्तदाब तपासून झाल्यावर खुर्चीवरून उठेचनात. म्हणाले, ‘‘डॉक्टरानू, कोरोनात गोंयवाल्यांनी वाट बंद केली, ता बरा केल्यानी काय वायट?’’ प्रश्न २०२० सालचा. पण आमच्या इन्सुलीत तो अजून शिळा झालेला नाही.

इन्सुली हे महामार्गावरचे गाव. पुढे बांदा, मग पत्रादेवी आणि लगेच गोवा. इथली कितीतरी मुले सकाळी दुचाकीला किक मारून तिकडे कामाला जातात. सोयरीक तिकडची, आणि दुखणे मोठे झाले की गाडी बांबोळीकडे वळते. २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. बांबोळीच्या महाविद्यालयाची परंपरा मात्र १८४२ पासूनची. त्यामुळे ‘गोवा चांगला की महाराष्ट्र’ हा वाद आम्हाला घरातल्या दोन भावांच्या भांडणासारखा वाटतो.

मार्च २०२० मध्ये गोव्याने सीमा बंद केल्या. मुख्यमंत्री प्रमोद सावंत हे स्वतः आयुर्वेदाचे पदवीधर. तिथले सातही रुग्ण १९ एप्रिलपर्यंत बरे झाले आणि १ मे रोजी गोवा ‘ग्रीन झोन’ ठरला. आधी नमुने पुण्याला जात. पण याच सुमारास बांबोळीला प्रयोगशाळा सुरू झाली. माझ्या मते सीमाबंदीपेक्षा या प्रयोगशाळेचे मोल अधिक. वाट अडवल्याने रोग मरत नाही, तयारीला सवड तेवढी मिळते. जूनमध्ये वास्कोच्या मांगूर हिलवर साथ पसरली तेव्हा ही गोष्ट सर्वांच्या लक्षात आली.

महाराष्ट्रात उद्धव ठाकरे यांच्या सरकारपुढे मुंबई होती. तिथल्या दाट वस्तीची तुलना गोव्याशी करणे मुळात न्याय्य नाही. आपल्या जिल्ह्याला मुंबईचा फटका बसला तो चाकरमान्यांच्या वाटेने. मे महिन्यात गावोगावच्या शाळा विलगीकरणासाठी उघडल्या, गणपतीत किती दिवस वेगळे राहायचे यावरून वाद झाले. आपल्याच माणसाला पडवीतून परत पाठवताना गावाला काय वाटले, ते वेगळे सांगायला नको.

सीमाबंदीची किंमतही मी पाहिली. माझा डायलिसिसचा एक रुग्ण आठवड्यातून दोनदा गोव्यात जात असे. एकदा कागद अपुरे म्हणून एका नाक्यावर तीन तास गाडीत बसून राहिला. पोचला तेव्हा पाय सुजले होते, धाप लागली होती. तो वाचला. पण असे हाल कोरोनाच्या तक्त्यात कुठल्याही रकान्यात येत नाहीत. १ सप्टेंबर २०२० रोजी गोव्याने सीमा उघडल्या, तेव्हा त्याच्या घरच्यांनी देवाला नारळ दिला.

दुसऱ्या वर्षी मात्र चित्र उलटले. एप्रिल २०२१ च्या मध्यालाच महाराष्ट्राने कडक निर्बंध लावले. गोव्यात टाळेबंदी नको, हाच सूर बराच काळ राहिला. चार दिवसांची टाळेबंदी महिनाअखेरीस आली आणि राज्यभर संचारबंदी ९ मे रोजी. तोवर तिथे तपासलेल्या दोघांपैकी जवळजवळ एकजण बाधित निघत होता. हा आकडा वाचकांनी नीट समजून घ्यावा. शंभर नमुन्यांपैकी किती बाधित, हे प्रमाण पाचाच्या खाली दोन आठवडे राहिले तरच मोकळीक द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सुचवले होते. पन्नास म्हणजे साथ तपासणीच्या कितीतरी पुढे धावत आहे, आणि न सापडलेले रुग्ण बाजारात फिरत आहेत.

मग जे व्हायचे ते झाले. ११ मे रोजी पहाटे २ ते ६ या वेळात बांबोळीत २६ रुग्ण दगावल्याचे खुद्द आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी सांगितले. प्राणवायूच्या सिलिंडरांची जोडणी बदलताना दाब कमी होत असे. उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. त्यानंतर तिथे मोठी टाकी बसली. त्याच्या आदल्याच दिवशी सर्व प्रौढांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली होती. ते जंतांवरचे औषध. कोरोनासाठी ते प्रयोगापुरतेच वापरावे असे जागतिक आरोग्य संघटना त्याआधीच सांगून चुकली होती. गोळी वाटणे सोपे, टाकी बसवणे कठीण. (आपल्याकडेही त्या गोळ्या मागायला माणसे आली होती, हे कबूल करतो.)

आता एकूण मृत्यूंचे आकडे. नोंदलेले मृत्यू महाराष्ट्रात सुमारे १ लाख ४८ हजार, गोव्यात चार हजारांवर. वरवर पाहता गोवा सुटला. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची वस्ती ११ कोटी २४ लाख, गोव्याची १४ लाख ५८ हजार. भागाकार केला तर दर लाखामागे महाराष्ट्रात सुमारे १३२, गोव्यात सुमारे २७५. पहिल्या मे महिन्यात ज्याचे गोडवे गाइले, तोच हा गोवा. तरी यावरूनही घाईने निकाल देऊ नये. लहान राज्यात मृत्यूची नोंद चुकण्याचा संभव कमी, आणि गोव्यात वयस्कांचे प्रमाणही जास्त.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. ‘‘२०२० मध्ये वाट बंद केली ते चुकले नाही, पण रुग्णाला वाट ठेवायला हवी होती. आणि २०२१ मध्ये आवरायला उशीर केला,’’ असे माझे मत दिले. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, ‘‘म्हणजे नाक्यावर अँब्युलन्सीक येगळी रांग व्हयी होती.’’ मग रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात घालून ते बांद्याची गाडी पकडायला निघाले.