जयपूरचे वारसायुद्ध आणि मराठ्यांचा विस्तार

मराठ्यांच्या उत्तरेतील विस्ताराचा विचार करताना वाचकाची दृष्टी बहुधा दिल्ली आणि पानिपत या दोनच स्थळांवर खिळते. परंतु शस्त्रबळावर परमुलखात शिरणारी सत्ता तेथे कशासाठी जाते, काय मिळविते आणि काय गमावून बसते, हे जाणून घ्यावयाचे असेल तर जयपूरचा १७४३ ते १७५१ या काळातील इतिहास अधिक बोलका आहे.

या कलहाचे बीज मराठ्यांनी पेरलेले नव्हते. १७०८ साली मोगल बादशहाविरुद्ध मेवाडचे साह्य मिळावे म्हणून सवाई जयसिंगाने उदयपूरच्या राजकन्येशी विवाह केला आणि तिला पुत्र झाल्यास थोरल्या मुलास डावलून त्यालाच गादी मिळेल, असे वचन दिले. वीस वर्षांनी, म्हणजे १७२८ साली, त्या राणीच्या पोटी माधोसिंग जन्मास आला. दुसऱ्या राणीचा पुत्र ईश्वरीसिंग हा त्याच्याहून वयाने मोठा होता. वेधशाळा उभारणाऱ्या आणि आखीव रस्त्यांचे नवे नगर वसविणाऱ्या या गणितज्ञ राजाला घरातील हा गुंता मात्र अखेरपर्यंत सुटला नाही.

राजपुतान्यात शिरण्याची वाटही मराठ्यांना जयसिंगानेच एका अर्थी मोकळी करून दिली. त्याने बूंदीच्या बुधसिंगाला पदच्युत करून आपल्या मर्जीतील दलेलसिंगास तेथे बसविले. १७३४ साली बुधसिंगाच्या पक्षाने सहा लाख रुपये देऊ करून होळकर व शिंदे यांना बोलाविले. बुधसिंगाची राणी ही जयसिंगाचीच बहीण; तिने मल्हारराव होळकरांना राखी बांधली. मराठ्यांनी बूंदी घेतली व ते माघारी वळले. त्यांची पाठ फिरताच जयसिंगाने ती पुन्हा हस्तगत केली. त्याच वर्षी जुलै महिन्यात हुरडा येथे राजपूत राजे एकत्र जमले. मराठ्यांना रोखण्याच्या आणाभाका झाल्या, पण संयुक्त फौज काही उभी राहिली नाही. भाऊबंदकीत हरलेल्या पक्षाला आता दाद मागण्यासाठी एक नवे ठिकाण सापडले होते. तेथील निवाडा तलवारीने होई आणि त्याची किंमत लाखांच्या आकड्यांत मोजावी लागे.

पुणे दरबाराची अडचण निराळी होती. थोरल्या बाजीरावांच्या मोहिमांनी राज्य वाढविले, तसे कर्जही वाढविले. १७४० साली नानासाहेब पेशव्यांच्या हाती कारभार आला तो या ओझ्यासह. मोठ्या फौजा पदरी बाळगणे आणि सावकारांचे देणे भागविणे या दोन्ही गोष्टी मूळ मुलखाच्या वसुलीत बसत नव्हत्या. साहजिकच चौथ, खंडणी व नजराणा यांसाठी मोहिमांवर मोहिमा काढणे भाग पडे. पैशासाठी फौज हिंडे आणि फौज हिंडविण्यासाठी पुन्हा पैसा लागे. या विस्तारामागे हिंदुपदपातशाहीची आकांक्षा होती हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि जयपूरच्या प्रकरणात तिचा आवाज नजराण्याच्या घासाघिशीपुढे फारच क्षीण ऐकू येतो.

सप्टेंबर १७४३ मध्ये जयसिंग मरण पावला. ईश्वरीसिंग गादीवर बसला, तर मेवाडचा राणा जगतसिंग माधोसिंगाच्या पाठीशी उभा राहिला. दोन्ही पक्षांनी मराठ्यांसमोर पैशाची बोली लावली. मराठ्यांतही एकमत नव्हते. होळकरांचा ओढा माधोसिंगाकडे होता आणि शिंद्यांच्या गोटाचा ईश्वरीसिंगाकडे. पुण्याचा निर्णय कधी या सरदाराच्या, तर कधी त्या सरदाराच्या मनाप्रमाणे झुके. मार्च १७४७ मध्ये राजमहाल येथे ईश्वरीसिंगाने विरोधकांचा पराभव केला. या जयाचे स्मारक म्हणून त्याने उभारलेला ईसरलाट हा उंच मनोरा जयपुरात त्रिपोलियाजवळ आजही दिसतो.

त्या विजयाचे समाधान फार काळ टिकले नाही. १७४८ च्या उन्हाळ्यात खुद्द पेशवे जयपूरच्या मुलखात येऊन गेले. पुढे ऑगस्टमध्ये भर पावसात बगरू येथे लढाई जुंपली. भरतपूरचा सूरजमल जाट ईश्वरीसिंगाच्या बाजूने मोठ्या शौर्याने लढला. परंतु मल्हाररावांनी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना शत्रूच्या पिछाडीवर व तोफखान्यावर पाठविले, आणि ईश्वरीसिंगाला तह करावा लागला. माधोसिंगाला पाच परगणे व बुधसिंगाचा पुत्र उमेदसिंग याला बूंदी देण्याचे ठरले. उमेदसिंगाला त्याची गादी खरोखरच परत मिळाली, हे मराठ्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण तहाबरोबर नजराण्याचा करारही होता, आणि रिकाम्या खजिन्यातून तो फेडणे ईश्वरीसिंगाच्या आवाक्यातले नव्हते.

थकबाकी वाढत गेली. १७५० च्या अखेरीस मल्हारराव वसुलीसाठी जयपूरवर चालून आले. देण्यास पैसा नाही आणि लढण्यास फौज नाही, अशा अवस्थेत डिसेंबरमध्ये ईश्वरीसिंगाने विष घेऊन प्राण सोडला. तो मेल्याने कर्ज मात्र मेले नाही. माधोसिंगाला गादीवर बसविले गेले आणि वसुलीचा तगादा आता त्याच्यामागे लागला. जानेवारीच्या आरंभी जयाप्पा शिंदेही येऊन पोहोचले व रोख रकमेखेरीज राज्याच्या मुलखातील हिस्स्याची मागणी पुढे आली.

१० जानेवारी १७५१ रोजी मराठी छावणीतील हजारो माणसे शहर व तेथील देवालये पाहण्यासाठी जयपुरात गेली होती. दुपारी एकाएकी वेशींचे दरवाजे बंद झाले आणि कत्तल सुरू झाली. सुमारे तीन हजार मराठे मारले गेले, कित्येक जखमी झाले. तटावरून उड्या टाकून निसटताना काहींचे पाय मोडले. ज्याला मराठ्यांनी गादी मिळवून दिली, त्याच्याच राजधानीत हे घडले. माधोसिंगाने क्षमा मागितली व भरपाई दिली. मराठ्यांनाही रोहिल्यांविरुद्ध वजीर सफदरजंगाने बोलाविले असल्याने तेथे गुंतून पडणे परवडणारे नव्हते. प्रकरण वरवर मिटले.

साह्यकर्त्याचा धनको होण्याचा हा प्रकार जगाच्या इतिहासात एकाकी नाही. १८९८ साली क्यूबाच्या मुक्ततेसाठी म्हणून अमेरिकेने स्पेनशी युद्ध केले. क्यूबा आपल्या राज्याला जोडणार नाही, अशी ग्वाही तिच्या काँग्रेसने युद्धापूर्वीच दिली होती. ती शब्दशः पाळली गेली. पण १९०१ साली क्यूबात हस्तक्षेप करण्याचा अधिकार तिने तेथील राज्यघटनेतच नमूद करवून घेतला. फिलिपीन्स बेटे तिने स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन घेतली आणि १८९९ पासून तेथील स्वातंत्र्यवाद्यांशीच नवे युद्ध ओढवून घेतले. अमेरिकेला बाजारपेठा व नाविक तळ हवे होते, मराठ्यांना रोकड हवी होती; हा फरक लहान नव्हे. तथापि निमंत्रणावरून आलेल्या फौजेने कधी परतावे, हे ठरविण्याचा अधिकार बोलावणाऱ्याकडे उरत नाही, ही गोष्ट जयपूरला हवानाच्या दीडशे वर्षे आधी कळून चुकली होती.

जयपूरच्या या वसुलीची खरी किंमत मराठ्यांना पुढे द्यावी लागली. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर सदाशिवरावभाऊ अब्दालीशी लढत असताना एकाही प्रमुख राजपूत राज्याची फौज त्यांच्या बाजूस नव्हती. राजपुतांच्या अलिप्ततेला इतरही कारणे होती, पण गेल्या दोन तपांचा तगादा ते विसरले असतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात मल्हाररावांना मांगरोळ येथे जयपूरच्या सैन्याशी पुन्हा झुंजावे लागले. १७८७ साली खंडणीच्याच थकबाकीवरून महादजी शिंद्यांनी जयपूरवर चाल केली. तुंगा येथे जयपूर व जोधपूर एक झाले, महादजींच्या सैन्यातील मोगल तुकड्या फुटल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. १७९० मध्ये पाटण येथे द बॉइनच्या कवायती पलटणींनी त्याचा वचपा काढला. या पलटणींचा खर्च पुन्हा खंडणीतूनच भागावयाचा होता, हे ओघाने आलेच.

शेवटी मराठ्यांपासून संरक्षण मिळावे म्हणून जयपूरने ईस्ट इंडिया कंपनीचा आश्रय घेतला. १८०३ चा पहिला तह कंपनीने लवकरच मोडला. दुसरा २ एप्रिल १८१८ रोजी झाला. त्यानुसार पहिल्या वर्षी खंडणी माफ होती. दुसऱ्या वर्षापासून ती चार लाखांवर सुरू होऊन वाढत वाढत सहाव्या वर्षी आठ लाखांवर जावयाची होती, आणि राज्याचे उत्पन्न चाळीस लाखांपलीकडे गेल्यास वाढाव्यातील सोळा आण्यांपैकी पाच आणे कंपनीला मिळावयाचे होते.