हवाई बंदुकीचा नेम : जुळणी आणि पडताळणी

हवाई बंदुकीचा नेम लागेनासा झाला की दोन निर्णय घाईने घेतले जातात. एक तर शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत बंदुकीपुढे 'निकामी' असा शेरा पडतो. किंवा नेम धरणाऱ्या मुलाला 'तुझा हात स्थिर नाही' असे सांगून रांगेबाहेर बसविले जाते. या दोन्ही निर्णयांपूर्वी एक साधी परीक्षा करता येते. तिला पाच छर्रे, एक कागद आणि एक मोजपट्टी एवढेच साहित्य लागते. ही परीक्षा कशी करावी आणि तिच्या निष्कर्षानुसार बंदुकीची जुळणी कशी करावी, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे. शाळा, व्यायामशाळा व ग्रामीण क्रीडामंडळे यांच्याकडे बहुधा नळी वाकवून भरावयाची, स्प्रिंगवर चालणारी ४.५ मिलिमीटर व्यासाची बंदूक असते. पुढील विवेचन तिच्यासंबंधी आहे.

अचूकपणाची व्याख्या

पाच छर्रे एकाच ठिकाणी लागले, परंतु लक्ष्याच्या मध्यापासून दोन बोटे डावीकडे लागले, तर ती बंदूक वाईट नव्हे. तिची केवळ साईट सरकलेली आहे. याउलट एक छर्रा मध्यभागी आणि उरलेले चार चहूकडे विखुरलेले असतील, तर मध्यभागी लागलेला छर्रा हा योगायोग समजावा. म्हणून प्रथम पाहावयाचा तो छिद्रांचा पुंजका; मध्यबिंदू नंतर. प्रत्येक छर्ऱ्यानंतर साईटचा स्क्रू फिरविण्याची सवय अनेकांना असते. तिच्यामुळे दोष बंदुकीचा, छर्ऱ्याचा की हाताचा, हे कधीच कळत नाही.

परीक्षेची मांडणी

१० मीटर अंतर टेपने मोजून घ्यावे. पावलांनी मोजू नये. लक्ष्यामागे वाळूने किंवा जुन्या कापडाने गच्च भरलेली लाकडी पेटी ठेवावी. दगडी भिंत किंवा लोखंडी पत्रा पाठीशी असल्यास छर्रा उलटून येतो. मागील बाजूने कोणाचीही ये-जा नसावी. नेम धरणाऱ्याने व जवळच्या सर्वांनी डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा. बंदूक भरताना वाकविलेली नळी एका हाताने घट्ट धरून ठेवावी. ती एकाएकी मिटल्यास बोटास गंभीर इजा होते. छर्रे शिशाचे असल्याने सराव संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

बसून, टेबलावर मऊ कापडाची गुंडाळी ठेवून, तिच्यावर डाव्या हाताचा तळवा व तळव्यावर बंदूक, अशा रीतीने पाच छर्रे सोडावेत. मधल्या वेळी साईटला हात लावू नये. पाचही छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, तर साध्या बंदुकीच्या मानाने पुंजका समाधानकारक मानावा. तसे न झाल्यास पुढील चार कारणे क्रमाने तपासावीत.

पहिले कारण : सैल स्क्रू. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या वेगाने पुढे जाऊन आदळतो. या हादऱ्यांनी लाकडी दस्त्याचे स्क्रू हळूहळू सैल होतात. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, योग्य मापाच्या पेचकसाने ते समप्रमाणात आवळावेत. पुढील माशी व मागील साईट बोटाने हलवून पाहावी. नळी मिटल्यावर ती बाजूस हलते काय, हेही पाहावे. हलत असल्यास बिजागरीचा स्क्रू जाणकाराकडून आवळून घ्यावा.

दुसरे कारण : मळ आणि तेल. नळीच्या आतील आट्यांत शिसे साचते. मऊ कापडाची पट्टी दोऱ्याने नळीतून ओढून ते पुसून घ्यावे. नळीच्या पुढील तोंडाला ओरखडा पडल्यास छर्रा बाहेर पडतानाच तिरपा होतो. म्हणून बंदूक तोंडावर उभी करू नये. तेलाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. शेतातील डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. दट्ट्यापुढील हवेत तेलाचा अंश गेला की बंदुकीतही नेमके हेच घडते. मोठा आवाज होतो, धूर येतो, छर्ऱ्याचा वेग दर वेळी निराळा होतो आणि स्प्रिंग व वॉशर खराब होतात. यास्तव घरातले कोणतेही तेल नळीत किंवा दट्ट्याच्या घरात ओतू नये.

तिसरे कारण : छर्रे. छर्ऱ्याची मागील कडा पातळ असते व डबीत आपटून ती चेपते. चेपलेले छर्रे वेगळे काढावेत. वापरलेले पुन्हा वापरू नयेत. कागदी लक्ष्यासाठी सपाट तोंडाचे छर्रे घ्यावेत, म्हणजे छिद्र गोल व स्वच्छ पडते. दोन-तीन प्रकारच्या छर्ऱ्यांचे प्रत्येकी दोन पुंजके काढून ज्याचा पुंजका लहान, तोच प्रकार कायम ठेवावा. एका बंदुकीला मानवलेला छर्रा दुसरीला मानवेलच असे नाही.

चौथे कारण : पकड. चाप सुटल्यावर छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच स्प्रिंगच्या गतीने संपूर्ण बंदूक मागे-पुढे हलते. ही हालचाल थांबविता येत नाही. ती प्रत्येक वेळी सारखी व्हावी एवढेच आपल्या हाती असते. म्हणून बंदूक आवळून धरू नये, कठीण लाकडावर टेकवू नये आणि तळवा दर वेळी दस्त्याच्या त्याच जागी ठेवावा. चाप झटक्याने न ओढता सावकाश दाबावा व छर्रा सुटल्यावरही क्षणभर नजर माशीवरून काढू नये.

साईटची दुरुस्ती

पुंजका लहान झाल्यावरच साईटला हात लावावा. छिद्रे जिकडे न्यावयाची, तिकडेच मागील साईट सरकवावी : पुंजका डावीकडे असल्यास साईट उजवीकडे, खाली असल्यास साईट वर. किती सरकवावी, हे समरूप त्रिकोणांवरून काढता येते. माशी व मागील साईट यांतील अंतर ४५० मिलिमीटर आणि पुंजका मध्यापासून २० मिलिमीटर दूर आहे असे समजू. १० मीटर म्हणजे १०,००० मिलिमीटर. यावरून २० × ४५० ÷ १०,००० = ०.९ मिलिमीटर. भूमितीच्या तासाला शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य द्यावे. एक मिलिमीटरहूनही कमी सरकणीने लक्ष्यावर दोन सेंटिमीटरांचा फरक पडतो, हे कळल्यावर सैल साईटचे गांभीर्य विद्यार्थ्यांना निराळे सांगावे लागत नाही.

१० मीटर एअर रायफल स्पर्धेतील लक्ष्यावर सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ४५.५ मिलिमीटर, तर दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास केवळ अर्धा मिलिमीटर असतो. याच प्रकारात २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले आणि २०२२ साली कैरो येथे ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील विश्वविजेते झाले. त्या स्पर्धांतील बंदुका आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालतात व त्यांना स्प्रिंगचा हादरा नसतो. तथापि एकसारखेपणाचा नियम त्यांनाही तितकाच लागू आहे.

वर्ज्य गोष्टी

अधिक जोराची स्प्रिंग बसविल्याने नेम सुधारत नाही; हादरा मात्र वाढतो. शिवाय २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरहून अधिक व्यासाच्या हवाई शस्त्रांना शस्त्र नियम, २०१६ अन्वये परवाना लागतो. आतील स्प्रिंग दाबाखाली बसविलेली असते. ती घरी उघडू नये. छर्रा न भरता चाप ओढू नये, कारण हवेची गादी नसल्याने दट्ट्या थेट आदळतो. पक्ष्यांवर नेम धरणे हा सराव नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे असे कृत्य करणारा शिक्षेस पात्र ठरू शकतो.

नोंद ठेवण्याची पद्धती

प्रत्येक बंदुकीसाठी एक वही असावी. तीत दिनांक, छर्ऱ्याचा प्रकार, केलेली दुरुस्ती लिहून पुंजक्याचा कागद चिकटवावा. वर्षअखेरीच्या पडताळणीत बंदूक ठेवावी की निर्लेखित करावी, हे या कागदांवरून ठरवावे. ज्या मुलाला रांगेबाहेर बसविले असेल, त्याच्या हाती हीच तपासलेली बंदूक व हेच निवडलेले छर्रे देऊन पाच छर्रे पुन्हा सोडू द्यावेत, आणि त्याचाही कागद त्याच वहीत लावावा.