धूम्रपान सोडणाऱ्याला सोबत हवी

धूम्रपान वाईट आहे हे पटवून देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. विडी ओढणाऱ्या माणसाला ते पटलेलेच असते. खोकला त्याचा, खिसा त्याचा आणि पहाटे जिना चढताना लागणारी धापही त्याचीच. आपल्याला विचार करायचा आहे तो त्याच्याभोवती असणाऱ्यांचा. घरात एखाद्याने ‘आजपासून सोडली’ असे म्हटले, तर त्या घटकेपासून त्याची पत्नी, मुले, भाऊ, मित्र आणि मस्जिदीतील शेजारी यांच्यावर कोणते कर्तव्य येते, हा आजचा विषय आहे.

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरीसारख्या गावाचा विचार करा. हा मुलूख धानाचा आणि तेंदूपत्त्याचा. उन्हाळ्यात जंगलात तेंदूची पाने तोडली जातात आणि जिल्ह्यातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या गेल्या आहेत. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर थोडी विश्रांती मिळाली की एक विडी पेटते आणि ती एकट्याने ओढायची नसते. शेजाऱ्यापुढे बंडल धरणे हा शिष्टाचार मानला जातो. पाहुण्याला विडी विचारणे हे आदरातिथ्य. पानठेल्यावर उभे राहणे ही मैत्री. अशा गावात विडी सोडणारा माणूस तंबाखूबरोबरच एका बैठकीलाही मुकतो. त्याचे मन बहुधा तेथेच मोडते, आणि आपण मात्र त्याच्या इच्छाशक्तीला दोष देत बसतो.

प्रथम शरीअतचा प्रश्न थोडक्यात पाहू. तंबाखूचे रोप अमेरिका खंडातून जगभर गेले, त्यामुळे दिव्य कुरआनात त्याचे नाव असण्याचा प्रश्नच नाही. हिंदुस्थानात ते विजापूरमार्गे अकबराच्या दरबारी पोहोचले आणि १६१७ मध्ये जहांगीराने त्यावर बंदी घातली. त्या बंदीचे काय झाले, हे आज प्रत्येक पानठेला सांगतो. उलेमांमध्येही प्रारंभी एकमत नव्हते. दमास्कसचे अब्दुल गनी अन्-नाबुलुसी यांच्यासारख्या थोर विद्वानाने ते वैध ठरविणारा ग्रंथ लिहिला, कोणी मकरूह म्हटले, कोणी हराम. त्या काळी फुप्फुसात काय घडते हे कोणाला ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांत दुसऱ्याचा धूर श्वासात घेणारेही असतात. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात न लोटण्याचा सूरह अल-बकरातील आदेश (२:१९५), उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हणणारी सूरह बनी इस्राईलमधील आयत (१७:२७) आणि स्वतःला वा इतरांना हानी पोहोचवू नये हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेले तत्त्व, ही तिन्ही एकत्र ठेवली की आजचे बहुसंख्य विद्वान हराम वा निदान सक्त नापसंत असा निर्णय का देतात, हे कळते.

पण निर्णय सांगितला म्हणजे काम झाले, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मदीनेचा इतिहास काही वेगळेच शिकवितो. मद्य आणि तंबाखू यांचा हुकूम एकच आहे असे येथे म्हणायचे नाही. एक जडलेली सवय समाजाने कशी सोडली, एवढेच पाहायचे आहे. मद्याविषयीची आज्ञा एका दिवसात उतरली नाही. आधी त्याचा तोटा त्याच्या लाभाहून मोठा असल्याचे सांगण्यात आले (२:२१९), मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली (४:४३) आणि अखेर संपूर्ण निषेध आला (५:९०). हजरत आयशा (रजि.) यांचे एक कथन सहीह बुखारीत आहे. त्याचा आशय असा की, अगदी प्रथमच मद्य सोडा अशी आज्ञा आली असती, तर लोकांनी ‘आम्ही कधीच सोडणार नाही’ असे उत्तर दिले असते. आधी मने तयार झाली, मग आदेश आला.

आणि आदेश आला तेव्हा काय घडले? हजरत अनस (रजि.) त्या वेळी हजरत अबू तलहा (रजि.) यांच्या घरी मंडळींना मद्य वाढत होते. बाहेर पुकारा झाला. अबू तलहांनी अनसना सांगितले, जा, हे ओतून दे. मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले. या प्रसंगातील एक बाब आपण सहसा लक्षात घेत नाही. ती बैठक होती. प्याले एकाच वेळी खाली ठेवले गेले, घरोघरची भांडी एकाच दिवशी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी कोणाच्याही दारात ‘एका घोटाने काय होते?’ असे विचारणारा मित्र उभा नव्हता. ज्याला सोडणे जड गेले असेल, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूलाही सोडणारेच होते.

आधुनिक संशोधनाने हीच गोष्ट आकड्यांत मांडली आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासातील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदी तपासून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पती वा पत्नीने धूम्रपान सोडले, तर जोडीदाराने ते करीत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटलेली दिसली. मित्राने सोडले तर ३६ टक्क्यांनी, लहान कामाच्या जागी सहकाऱ्याने सोडले तर ३४ टक्क्यांनी, सख्ख्या भावंडाने सोडले तर २५ टक्क्यांनी. माणसे एकेकटी सुटत नव्हती, गटागटाने सुटत होती. भावापेक्षा मित्राचा प्रभाव अधिक दिसतो, हे घरातील वडीलधाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत सत्कर्म आणि ईशभय यांत परस्परांना साहाय्य करण्याची आणि पापात साहाय्य न करण्याची आज्ञा आहे. ही आयत आपण चंदा गोळा करताना पुष्कळ ऐकतो. सोडू पाहणाऱ्यापुढे बंडल धरणारा हातही तिच्या कक्षेत येतो, हे क्वचितच ऐकू येते.

टोमणा मारणारी जीभही तिच्याच कक्षेत येते. मद्यपानाबद्दल पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या शाप देणाऱ्याला थांबविले आणि तो माणूस अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. अशाच दुसऱ्या प्रसंगी, आपल्या बांधवाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, अशी समज त्यांनी दिली. दोन्ही हदीस बुखारीत आहेत. शिक्षा झाली होती, गुन्हा सिद्ध होता, तरी अपमानाला जागा नव्हती. आपल्या घरांत मात्र ‘तुमच्याने होणार आहे का?’ हे वाक्य पहिल्याच संध्याकाळी उच्चारले जाते. लसूण खाऊन मस्जिदीत येऊ नये, ही हदीस सांगून विडी ओढणाऱ्याला सफेतून उठविणारेही भेटतात. त्यापेक्षा त्याच्या हाती मिसवाक द्यावी.

आता व्यवहार. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, झोप न लागणे, भूक वाढणे ही निकोटिन उतरत असल्याची लक्षणे आहेत. ती बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. घरच्यांनी हे आधीच जाणून घेतले, तर अब्बांचा रागीट शब्द मनाला लागत नाही. तलफ येते ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ कोणी बोलत बसले, पाणी दिले, वुजू करायला सांगितले, तर ती टळते. अम्मीने वा पत्नीने खिसे तपासू नयेत. पहारा बसला की चोरी सुरू होते. राखेची वाटी, लायटर, उरलेले बंडल त्याच्याच हातून त्याच्याच संमतीने बाहेर जाऊ द्यावे. मुलांनी दिवस मोजावेत. मुले हे काम फार आनंदाने करतात.

रमजान ही मोठी संधी आहे. सेहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास विडीवाचून काढणारा माणूस ‘मला जमत नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याला त्याचाच रोजा दाखवावा. खरा धोका इफ्तारनंतरच्या अर्ध्या तासात असतो. त्या वेळी त्याला एकटे सोडू नये. मगरिब ते तरावीह या वेळात दोघा-तिघांनी एकत्र बसावे. सोडणारे दोघे असतील तर जोडी करावी, इन्शाअल्लाह दोघांचेही बळ वाढेल.

दोन गैरसमज मात्र मैत्रीखातरही चालवून घेऊ नयेत. विडी पानाची आहे म्हणून सिगारेटहून सौम्य, हा पहिला. तेंदूपान सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात, त्यामुळे विष कमी जात नाही. विडी सोडून खर्रा धरला तर सुटका झाली, हा दुसरा. धूर थांबला तरी तंबाखू तीच राहते, फक्त फुप्फुसाऐवजी तोंडाच्या कर्करोगाला दार उघडते. आणि हे सर्व सांगताना ज्या भगिनींचे घर विड्या वळून चालले, त्यांना अपराधी ठरवू नये. त्यांच्यासाठी दुसरे काम उभे करणे हे वेगळे कर्तव्य आहे आणि ते प्रवचनाने पार पडत नाही.

कोणी पंधराव्या दिवशी घसरला, तर पंधरा दिवस वाया गेले असे समजू नका. बहुतेकांना पहिल्या प्रयत्नात यश येत नाही. त्याला तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय सल्लासेवेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ लावून द्या, निकोटिनच्या गोळ्या वा च्युइंगगम घ्यावे का हे डॉक्टरांना विचारा, आणि ‘पुन्हा कधीपासून?’ एवढेच पुसा. मग इशाच्या नमाजनंतर त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जा. वाटेत पानठेला लागतो.