पॅच दहा ओळींचा, वाचायची अख्खी फाइल

पोरी, लिनक्सच्या ड्रायव्हरमधल्या साफसफाईचा पॅच तपासायला आला की आधी तो बाजूला ठेव. फाइल उघड आणि डिव्हाइस जोडताना चालणारं प्रोब वरून खाली वाच. मेमरी घेतली, क्लॉक चालू केलं, इंटरप्ट मागितला... ज्या क्रमाने घेतलं तो कागदावर उतरव. मग डिव्हाइस काढताना चालणारं रिमूव्ह वाच. तिथे तोच क्रम उलटा दिसायला हवा; मांडव सोडताना शेवटची गाठ आधी सुटते, तसा.

खरा घात होतो तो डेव्हएमच्या अर्ध्यामुर्ध्या वापराने. 2007 पासूनची ही कर्नलची सोय. तिच्यातून घेतलेलं सगळं आपोआप, उलट्या क्रमाने सुटतं, पण रिमूव्ह संपल्यावर! इंटरप्ट डेव्हएमने घेतलाय आणि बफर मात्र रिमूव्हमध्ये केफ्रीने सोडलाय, असं दिसलं की थांब. त्या मधल्या फटीत इंटरप्ट आला तर हँडलर सोडून दिलेल्या मेमरीत हात घालणार. आधी दार लावायचं, मग घर आवरायचं. ‘चार ओळी कमी झाल्या’ म्हणून खूश होणारे असले पॅच हमखास पाठवतात (मीही पाठवलेत). इंटरप्ट शेअर्ड असेल तर कर्नलचा डीबग-एसएचआयआरक्यू हा पर्याय चालू करून बघ. इंटरप्ट सोडताना कर्नल मुद्दाम हँडलरला आणखी एकदा हाक मारतो, आणि लपलेलं पितळ तिथेच उघडं पडतं.

वापरात नसलेलं डिव्हाइस झोपवणाऱ्या रनटाइम पीएमची जुनी खोड लक्षात ठेव. गेट-सिंक फसलं तरी वापराची मोजणी एकाने वाढलेली असते, म्हणून चुकीच्या वाटेवरही पुट लागतो. कर्नल 5.10 मध्ये आलेलं रिझ्यूम-अँड-गेट फसल्यावर मोजणी स्वतःच मागे घेतं. पॅचने हे नवं आणलं आणि जुना पुट तसाच ठेवला, तर मोजणी एकाने कमी. एक भोक बुजवताना दुसरं पाडलं.

डिव्हाइस-रजिस्टर फसलं की केफ्री नाही, पुट-डिव्हाइस. इथे वाद घालू देऊ नकोस.

‘बिल्ड झालं’ एवढंच कुणी सांगत असेल तर विचार, मेमरीच्या चुका पकडणारं कासॅन लावून सिस-एफएसमधून अनबाइंड-बाइंड किती वेळा फिरवलंस? हार्डवेअर हाताशी नसेल तर तसं पॅचमध्ये लिहायला लाव. त्यात कमीपणा नाही. आणि फिक्सेसच्या ओळीतला बारा अक्षरी हॅश त्याच चुकलेल्या कमिटचा आहे ना, हे गिट शो करून स्वतः बघ. हा पॅच कुठल्या जुन्या आवृत्तीपर्यंत न्यायचा, हे स्टेबलवाले त्यावरून ठरवतात.