जॅरो : एकाच धंद्यावर उभें राहिलेलें बंदराचें गांव
(अभ्यासपाठ)



ज्या गांवांत पाण्याची विहीर एकच असते, त्या गांवांत पाणी किती आहे एवढेंच विचारून भागत नाहीं. विहिरीची मालकी कोणाची, व तिच्यावर झांकण घालण्याचा अधिकार कोणास आहे, हेंहि विचारावें लागतें. धंद्याची गोष्ट अशीच आहे. हें नीट ध्यानांत यावें म्हणून इंग्लंडांतील एका लहान बंदराच्या गांवाचा इतिहास आम्ही ह्या पाठांत मांडीत आहों.

१. आरंभ

टाइन नदी इंग्लंडच्या ईशान्य भागांत उत्तर समुद्रास मिळते. तिच्या मुखापासून कांहीं मैल आंत, दक्षिण तीरावर, जॅरो हें गांव आहे. इ. स. ६८० च्या सुमारास नॉर्थंब्रियाचा राजा एकफ्रिथ ह्यानें दिलेल्या जमिनीवर बेनेडिक्ट बिस्कप ह्यानें येथें मठ स्थापिला. मठाच्या प्रार्थनामंदिराची प्रतिष्ठा इ. स. ६८५ मध्यें झाली, व त्या दिवसाचा लेख कोरलेला दगड तेथें आजहि आहे. बीड नांवाच्या विद्वानानें ह्याच मठांत आपलें बहुतेक आयुष्य घालविलें, आणि इ. स. ७३१ मध्यें इंग्रज लोकांच्या मंडळीचा इतिहास पुरा केला. पुढें समुद्रमार्गें आलेल्या लुटारूंनीं मठ लुटला, आणि हजार वर्षें जॅरो हें एक लहानसें खेडेंच राहिलें.

२. कोळसा

टाइनच्या दोन्ही तीरांस जमिनीखालीं कोळसा विपुल होता. जॅरो येथील खोल खाण इ. स. १८०३ मध्यें सुरू झाली. कोळसा नदींत गलबतांवर भरावा व लंडनास धाडावा, हा तेथील व्यापार. ह्या व्यापारानें गांव वाढलें, परंतु त्याची किंमतहि दिली गेली. इ. स. १८२६, १८३० व १८४५ ह्या वर्षीं खाणींत वायूचे स्फोट होऊन पुष्कळ कामकरी प्राणांस मुकले.

इतक्यांत आगगाडी आली. मध्य इंग्लंडांतील कोळसा रुळांवरून थेट लंडनास पोहोंचूं लागला. टाइनचीं गलबतें मात्र वाऱ्यावर अवलंबून. एका फेरीस कित्येक आठवडे लागत. हा व्यापार हातचा जातो कीं काय, अशी भीति उत्पन्न झाली.

३. पामरचा कारखाना

चार्लस मार्क पामर ह्या कोळशाच्या व्यापाऱ्यानें ह्यावर उपाय काढला. त्यानें व त्याच्या भावानें जॅरोच्या तीरावर जहाजांचा कारखाना घातला, आणि इ. स. १८५२ मध्यें ‘जॉन बोज’ नांवाची लोखंडी आगबोट पाण्यांत सोडली. ती ६५० टन कोळसा घेऊन लंडनास गेली, माल उतरविला व परत आली, हें सर्व अवघ्या पांच दिवसांत. समुद्राची वाट पुन्हां रेल्वेशीं स्पर्धा करूं लागली.

ह्यानंतर कारखाना झपाट्यानें वाढला. यॉर्कशायरच्या किनाऱ्याजवळ कंपनीच्या स्वतःच्या खाणी होत्या. तेथील लोखंडाचे दगड जहाजांतून जॅरोस येत. भट्ट्यांत वितळून त्यांचें लोखंड होई. लोखंडाचे पत्रे लाटले जात. पत्र्यांचें जहाज होई. आणि यंत्रेंहि तेथेंच तयार होत. एका टोंकास दगड आंत यावा व दुसऱ्या टोंकास पुरें जहाज नदींत उतरावें, अशी ती व्यवस्था होती. इ. स. १९१२ मध्यें ‘क्वीन मेरी’ हें प्रचंड लढाऊ जहाज येथेंच पाण्यांत सोडण्यांत आलें.

इ. स. १८५१ मध्यें जॅरोची वस्ती चार हजारांहून कमी होती, इ. स. १९२१ मध्यें ती सुमारें ३५,००० झाली. गांवास नगरपालिका मिळाली तेव्हां इ. स. १८७५ मध्यें पामर हाच पहिला मेयर झाला. गांवांतील इस्पितळ त्याच्या पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेलें होतें. थोडक्यांत सांगावयाचें तर मजुरी, वाण्याची उधारी, घरमालकाचें भाडें व पालिकेचा कर, हीं सर्व एकाच कारखान्याच्या भोंग्यावर चालत. त्या भोंग्याचा आवाज बंद होईल, असें भरभराटीच्या दिवसांत कोणास वाटलें नाहीं.

४. पडता काळ

जहाजाचा धंदा भरती-ओहोटीसारखा आहे. एकदां बांधलेलें जहाज वीस-पंचवीस वर्षें चालतें. म्हणून व्यापार मंदावला कीं नव्या जहाजांची मागणी एकदम थांबते. पहिल्या महायुद्धांत अनेक देशांनीं गोद्या वाढविल्या होत्या. युद्ध संपतांच जहाजें फार व काम थोडें अशी स्थिति झाली. इ. स. १९२२ च्या वॉशिंग्टन येथील करारानें मोठीं लढाऊ जहाजें बांधण्यावर मर्यादा पडली, आणि इ. स. १९२९ नंतर जगभर मंदी पसरली. इ. स. १९३२ मध्यें ‘डचेस’ ही विनाशिका पाण्यांत उतरली. तीच ह्या कारखान्याची शेवटची नौका. पुढल्या वर्षीं कंपनी बुडाली.

तिच्या मागून जें झालें तें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. इ. स. १९३० मध्यें जहाजें बांधणाऱ्या मालकांनीं एक मंडळ स्थापिलें होतें. जास्तीचे कारखाने विकत घेऊन बंद करावे, म्हणजे उरलेल्यांस पुरेसें काम मिळेल, असा त्याचा विचार. धंद्याच्या हिशेबानें हा विचार अगदींच निराधार नव्हता. ह्या मंडळानें इ. स. १९३४ मध्यें पामरचा कारखाना घेतला, आणि ह्या जागेवर चाळीस वर्षें जहाज बांधूं नये अशी अट घातली. यंत्रें मोडून विकलीं गेलीं. हिशेबांत यंत्रें होतीं, जमीन होती, नफा होता. तेथें राहणारी माणसें मात्र त्या वहींत नव्हतीं. थोड्याच काळांत जॅरोंतील कामकऱ्यांपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक लोक बेकार झाले. क्षयरोग व बालमृत्यु ह्यांनीं गांव गांजलें. पोलादाचा नवा कारखाना काढण्याची योजना पुढें आली. पण जुन्या पोलादवाल्यांच्या विरोधामुळें इ. स. १९३६ मध्यें तीहि मागें पडली.

५. पायीं यात्रा

तेव्हां गांवानें ठरविलें कीं, आपलें गाऱ्हाणें आपणच राजधानीस न्यावें. वैद्यांकडून तपासून दोनशें पुरुष निवडण्यांत आले. अकरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज ओकच्या लांकडी पेटींत ठेवला. अर्जांत भिक्षा नव्हती. गांवास काम मिळावें, एवढीच मागणी होती. पार्लमेंटांतील जॅरोच्या प्रतिनिधि एलन विल्किन्सनबाई वाटेंत पुष्कळ ठिकाणीं त्यांच्याबरोबर चालल्या. ह्याच बाई इ. स. १९३२ मध्यें येथील स्थिति पाहण्यास हिंदुस्थानांत आल्या होत्या.

ता. ५ ऑक्टोबर १९३६ रोजीं मंडळी निघाली. जॅरोच्या बिशपांनीं निघतांना आशीर्वाद दिला. डरहॅमच्या बिशपांनीं मात्र ह्या उपक्रमास उघड विरोध केला. सुमारें २८० मैलांची ती वाट. लेस्टर शहरांतील चांभारांनीं रात्रभर जागून सर्वांचे फाटके बूट फुकट दुरुस्त करून दिले. ता. ३१ रोजीं मंडळी लंडनास पोहोंचली, व ता. ४ नोव्हेंबर रोजीं अर्ज पार्लमेंटांत सादर झाला. मुख्य प्रधान बॉल्डविन ह्यांनीं भेट दिली नाहीं. उलट, चालत असतांना हे लोक कामास हजर नव्हते म्हणून त्यांच्या बेकारीच्या भत्त्यांतून रक्कम कापण्यांत आली.

६. परिणाम

तर मग ही यात्रा व्यर्थ गेली काय? तात्काळ फळ मिळालें नाहीं, हें खरें. पुढें नळ्यांच्या कारखान्यासारखे लहान उद्योग आले, व दुसऱ्या महायुद्धानें काम दिलें. परंतु बेकारी हा आळशी माणसाचा दोष, ही समजूत ज्यांनीं त्या शिस्तबद्ध रांगा पाहिल्या त्यांच्या मनांत डळमळली. युद्धानंतर कामाची व आजारपणाची काळजी राज्यानें वाहावी असें लोकमत झालें, त्याच्यामागें जॅरोची आठवणहि होती. विल्किन्सनबाई इ. स. १९४५ मध्यें शिक्षणमंत्री झाल्या.

ह्यांतून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. पहिली, मोठा धनी गांव वाढवितो, पण सर्व गांव त्याच्या एकट्यावर टेकलें तर तो पडतांच गांवहि पडतें. दुसरी, जो निर्णय हिशेबाच्या वहींत शहाणपणाचा दिसतो, तो गांवाच्या गल्लींत क्रूर ठरूं शकतो. म्हणून निर्णय करणाऱ्यांत तेथें राहणाऱ्यांचा आवाज असला पाहिजे. तिसरी, रिकाम्या हातांच्या माणसांसहि एकत्र उभें राहतां येतें, आणि लेस्टरच्या चांभारांप्रमाणें प्रत्येकास आपल्या कसबानें त्यांस साह्य करतां येतें.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. आगगाडी आल्यानें जॅरोच्या व्यापारास धोका कां झाला? त्यावर कोणता उपाय निघाला?
२. कारखाने बंद करणाऱ्या मंडळाच्या विचारांत खरें काय होतें व उणें काय होतें?
३. आपल्या गांवांत किती घरें एकाच पिकावर किंवा एकाच धन्यावर अवलंबून आहेत? तें बुडाल्यास त्यांनीं काय करावें, ह्याचा विचार आजच कसा करितां येईल?